पंचावन्न किलोचा नवरा

५ नोव्हेंबर

वि. कापसात बसलाय.

थट्टा नाही. मधल्या खोलीत यंदाचा कापूस आढ्यापर्यंत भरलाय, त्यात गळ्यापर्यंत रुतून. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी. बाहेर ऊन रखरखतंय. घाम निघावा म्हणून हा उद्योग. पुसदची कबड्डी स्पर्धा आली, पंचावन्न किलोचा गट, आणि काटा सत्तावन्न दाखवतोय.

सासूबाई दाराशी पाट टाकून पहाऱ्याला. आत कुणी जायचं नाही, हवा शिरते. मी गडवाभर पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "पानी कायले आनलं वं? एवढा घाम काढला त्यानं, तू वापस भरतं का?"

फराळाचे डबे तसेच. लग्नाला दोन वर्षं झाली, दोन्ही दिवाळ्यांत माझे अनारसे या नवऱ्यानं लांबूनच पाहिले. मी करते, मीच खाते, आणि माझे ब्लाऊज मीच उसवते. मी लोहाऱ्याची, बाबा तिथे कारखान्यात. आमच्याकडे घाम काम करून यायचा. कापसात बसून घाम काढणारा माणूस मी इथं येऊन पहिल्यांदा पाहिला.

फेब्रुवारीत आमच्या गावची स्पर्धा. तीही पंचावन्नचीच. कप अजून गावाबाहेर गेलेला नाही म्हणे. म्हणजे तोवर हे असंच.

संध्याकाळी वि.च्या पाठीवर लाल चट्टे. कापसाची खाज. खोबरेल चोळलं, बडबडत.

८ नोव्हेंबर

लग्नसराई तोंडावर, शिवायच्या ब्लाऊजांचे गठ्ठे पडलेत. आज त्यातच वि.च्या पँटची कंबर आत घेतली. टेप लावला तर सव्वीस. कॉलेजातल्या पोरींच्या सलवारी मी याहून मोठ्या बेतते. त्याला सांगितलं तर खूश!

"कमी झाली ना? मंग चांगलंच हाय."

कालपासून पाणी दिवसाला दोन घोट. चूळ भरतो, थुंकतो. चिंच तोंडात धरतो, लाळ सुटली की तीही थुंकतो, तेवढंच वजन कमी. तुळशीपाशी थुंकू नका म्हटलं तर भांडण. पण दोन वाक्यांत दम लागला त्याला, मग मीच गप्प बसले. मैदानात तीन-तीन गडी फरफटत आणणारा माणूस घरात भिंत धरून उठतो. मला भीती वाटते. कोणाला सांगू? या घरात याला तपश्चर्या म्हणतात.

गावात त्याला विलास म्हणून कोणी हाकच मारत नाही. "पंचावन्न हाय का घरी?" अठराव्या वर्षी पहिल्यांदा या गटात खेळला, तेव्हापासून पंचावन्न. आता एकोणतीस चालू. उंची मधल्या काळात वाढली असेल, त्याची चौकशी कोणी केली नाही.

११ नोव्हेंबर

जिंकलो! पुसद मारलं!

परत येताना टेम्पोत कप माझ्या मांडीवर आणि नवरा शेजारी आडवा, हाताला सलाईनची पट्टी.

काट्यावर बरोबर पंचावन्न भरला. मग एक केळं, थोडं पाणी, आणि लागोपाठ सामने. फायनलची शेवटची चढाई त्याची. दोघांनी पाय धरले, तिसरा पाठीवर, तरी मधल्या रेषेला बोट लावलंच. शिट्टी. गुलाल. सगळे नाचतायत आणि हा उठेना. मला वाटलं लाडात येऊन पडलाय. मग तोंड पाहिलं. पांढरं. बायकांच्या बाजूची दोरी ओलांडून मी मैदानात धावले, चप्पल तिथेच राहिली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे आणि चिडके. "उंची एवढी आणि वजन पंचावन्न? बाई, याचा बीएमआय काढा एकदा. मग खेळवा काय खेळवायचं ते." मी मान हलवली. काय काढायचं, कसं काढायचं, विचारायची लाज वाटली.

गावात मिरवणूक. वि.ला ट्रॉलीवर उभं केलं, मागून दोघं धरून. बाळूभाऊंचं भाषण. बाळूभाऊ मंडळाचे अध्यक्ष, वि.चे मोठे चुलतभाऊ, म्हणजे माझे भासरे. भासऱ्यानं धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्यातली रीत, त्यामुळे आमच्या घरी आले की ते सासूबाईंशी बोलतात नाहीतर भिंतीशी. आज सासूबाईंशी बोलले. "काकू, गावासाठी जीव देते तुमचा पोरगा!" सासूबाईंना आनंदानं रडू फुटलं. मलाही फुटलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

बीएमआय काढला. मीच. मोबाईलवर एक जण सांगत होता, वजनाला उंचीनं भागा, आलेला आकडा तक्त्यात पाहा. शिवणकामात भागाकार करतेच की. उंची टेपनं मोजली, एक मीटर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. पंचावन्न भागिले ते. एकतीस!

तक्ता पाहिला. पंचवीसच्या वर लठ्ठ.

दोनदा केलं, तेच. हा लठ्ठ? फासळ्या मोजून घ्याव्यात असा माणूस! पण आकडा आकडा असतो. जड मनानं त्याला सांगितलं. आणि तो उठून बसला की! सलाईननं आली नव्हती तेवढी तरतरी आली.

"पाह्यलं? मी सांगत होतो ना, चरबी हाय अजून. उतरवता येते."

सासूबाई म्हणाल्या, "कुठं हाय चरबी? मले दाखव बरं हात लावून." पहिल्यांदाच त्या आणि मी एका बाजूला.

संध्याकाळपर्यंत बातमी मंडळात. बाळूभाऊ दारात, भिंतीकडे तोंड करून: "असं असंन तं पन्नासच्या गटातही उतरवू याले. दोन्ही कप आपलेच."

काय करून बसले मी हे.

१५ नोव्हेंबर

डोकं ठिकाणावर ठेवून लिहिते.

सकाळी आरोग्य उपकेंद्रात गेले. तिथल्या मॅडम नव्या, तरुण, माझ्याकडे एकदा ड्रेस शिवायला आल्या होत्या, म्हणून धीर. माझा भागाकार पाहिला आणि हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "ताई, उंचीनं एकदा नाही भागायचं. उंचीला उंचीनं गुणायचं आणि त्यानं वजनाला भागायचं." वि.ची उंची गुणिले उंची, साधारण तीन. पंचावन्न भागिले तीन. अठरा आणि वर थोडंसं.

साडेअठराच्या खाली म्हणजे वजन कमी. साडेअठरा ते तेवीसच्या आत ठीक. तेवीसपासून पुढे जास्त, पंचवीसपासून लठ्ठ. परदेशातल्या तक्त्यात जास्तीची रेघ थोडी पुढे असते, पण आपल्या लोकांना पोटावरची चरबी लवकर नडते म्हणून आपली रेघ अलीकडे. मोबाईलवाल्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याचं भलं होवो.

मग मॅडमनी उलटं गणित करून दाखवलं. वि.च्या उंचीला चांगलं वजन छप्पन्नपासून एकोणसत्तरपर्यंत कुठंही. छप्पन्नपासून! म्हणजे हा बाबा अकरा वर्षं दाराच्या बाहेर उभा राहून कबड्डी खेळतोय. आणि तेही पाणी काढून. मॅडमना कापसाचं सांगितलं तर पेन खाली ठेवलं त्यांनी. "ताई, तो घाम म्हणजे चरबी नाही. नुसतं पाणी. रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो. मैदानात पडले ते बरं झालं म्हणायचं, लगेच दवाखान्यात तरी नेलं तुम्ही."

टेम्पोतली ती सलाईनची पट्टी आठवली.

"आणि आकडा म्हणजे सगळं नाही," त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्याचं मांस जास्त असतं, त्यामुळे आकडा थोडा फसवतो. कंबर मोजा, ताकद बघा, चक्कर येते का बघा." कंबर मोजा म्हटल्यावर मला माझ्या माणसात आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात, "या, तुमचंही बघू." काट्यावर साठ. उंची एक त्रेपन्न. पंचवीस आणि वर सहा दशांश. मॅडम गोड बोलतात, पण तक्त्यात माझ्या समोर जो शब्द होता तो काही गोड नव्हता. मग कंबर. गावातल्या सगळ्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, स्वतःला टेप मी लग्नानंतर लावलाच नव्हता. चौतीस. बायकांची साडेएकतीसच्या आत बरी, म्हणे.

वाटेत नाकाला मिरच्या झोंबत होत्या. मग हसू आलं. नवरा रेघेच्या खाली, बायको रेघेच्या वर. दोघांची सरासरी काढली तर आमचं घर एकदम तंदुरुस्त.

१६ नोव्हेंबर

मोठं भांडण.

मी गणित मांडून दाखवलं. वि. म्हणे, "परवा एकतीस होता, आज अठरा? उद्या किती काढशीन?" माझंच चुकलं होतं, काय बोलणार. तरी बोलले. छप्पन्न ते एकोणसत्तर, खेळायचंच तर पासष्टच्या गटात खेळा. तो एकदम उसळला. "पंचावन्न म्हंजे मी हाय! गाव मले त्याच नावानं वळखते. पासष्टात कोन विचारते मले? थे धिप्पाड पोट्टे उचलून फेकतीन."

मग माझ्या तोंडून निघालं ते निघालं. "अवो, ब्लाऊज तंग झाला तं मी शिवन उसवतो, बाईले नाही कापत!"

(हो, चिडले की माझ्याही तोंडी इथलीच बोली येते.)

सासूबाई चुलीपाशी. त्या हसल्या आधी. वि. बाहेर निघून गेला.

नंतर आला. अंगणात बराच वेळ बसून होता. मी शेजारी बसले. मग माझ्याकडे न बघता: "कांचन, फायनलच्या टायमाले मले मधली रेषा दिसतच नवती. अंधारी आलती. अंदाजानं हात टाकला."

मी हात धरला. आता त्याला परत त्या वजनावर जाऊ देणार नाही, पंचावन्नचा कप गेला खड्ड्यात.

१७ नोव्हेंबर

करार झाला. पुढचे सामने संक्रांतीनंतर. तोवर त्यानं पोटभर खायचं, तहान लागली की पाणी प्यायचं, सराव नेहमीसारखा. मी उतरायचं, त्यानं चढायचं, दोघांनी उपकेंद्राच्या एकाच काट्यावर उभं राहायचं. खेळ सुधारला नाही तर मी स्वतः त्याला कापसात पुरून वरून गादी टाकीन.

सासूबाईंना साक्षीदार केलं. त्या म्हणाल्या, "मी कोनाच्या बाजूनं?" दोघांच्या म्हटलं.

२६ नोव्हेंबर

तो खातो!

दोन वर्षांत पहिल्यांदा याला खाताना बघतेय. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे. काल वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागितली आणि मागितल्यावर स्वतःच लाजला. सासूबाई पदर डोळ्याला लावतात. "लहानपनी असाच जेवे." मग काहून उपाशी ठेवला इतकी वर्षं, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

माझे हाल विचारू नका. चहाची साखर अर्धी. फराळातल्या शंकरपाळ्या शेजारी वाटून टाकल्या, डबा घासून उपडा ठेवला तेव्हा डोळ्यात पाणी. रोज संध्याकाळी वावरापर्यंत चालत जाते आणि येते. रस्त्यात बायका विचारतात, "काय हरवलं वं?" कंबर, म्हणते मी.

५ डिसेंबर

बाळूभाऊ आले. बाजेवर बसले, चहा घेतला, साखर जास्त टाकायला लावली. मग सासूबाईंना:

"काकू, तुमच्या सुनेले सांगा, संघ फोडू नको. विलास साठ किलोकडे चालला. फेब्रुवारीत गावची स्पर्धा हाय. आपल्याच मैदानात आपला कॅप्टन नाही? लोक हासतीन."

मी आतून, सासूबाईंनाच: "आई, भाऊंना सांगा, पुसदला लोक हसले नव्हते, घाबरले होते."

भाऊ भिंतीला: "पोट्टे सारेच वजन उतरवते. कोनी मेलं काय?"

सासूबाई एरवी कधी मधे बोलत नाहीत. आज बोलल्या. "बाळू, मेल्यावर मंग तू कोनाच्या घरी चहा पेशीन?"

भाऊ कप अर्धा ठेवून गेले. मी सासूबाईंकडे बघत राहिले. त्या भाजी चिरत होत्या, जणू काही झालंच नाही.

१२ डिसेंबर

मशीनवर बसलेय आणि दारात गज्जू. संघातला बुटका गडी, पकडीत उस्ताद. खाली मान घालून. "वहिनी, मालंही काढा ना थे."

उंची एक साठ, वजन पंचावन्न. आता मी आधी गुणते, मग भागते. साडेएकवीस. अगदी मधोमध! मी ओरडलेच. "भाऊजी, तुम्ही पंचावन्नसाठीच जन्मले! हलू नका तिथून."

गज्जू इतका खूश झाला की त्यानं वि.ला मिठी मारली. वि. बघतच राहिला. मग हळूच मला: "म्हंजे पंचावन्न वाईट नाही?"

नाहीच मुळी. गज्जूचं पंचावन्न गज्जूला बरोबर, तुमचं तुम्हाला नाही. एकाच मापाचा ब्लाऊज मी दहा जणींना घालत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण त्या दिवशी मी भांडत होते.

संध्याकाळपर्यंत संघातले आणखी तिघं येऊन गेले. एकाची आईच त्याला घेऊन आली, दंडाला धरून. सगळ्यात उंच तो, एक अठ्ठ्याहत्तर, आणि वजन चोपन्न. सतरा आला. आई तिथेच खाली बसली. तिला म्हटलं मावशी, घाबरू नका, मॅडमकडे घेऊन जा, रक्तही तपासतील. मी काही डॉक्टर नाही, मी गुणाकार करते.

२१ डिसेंबर

सराव पाहायला गेले. शेजारच्या गावचा पासष्टचा संघ आला होता, गंमत म्हणून सामना. त्यांचा कोपऱ्यातला गडी म्हणजे रेडा. गेल्या वर्षी अशाच गमतीच्या सामन्यात यानंच वि.ला कंबरेत धरून अलगद बाहेर ठेवलं होतं, तेव्हा मंडळी हसली होती.

आज धरलं. वि. उभा. ढकललं. वि. उभा! मग त्या गड्याला पाठीवर घेऊन, आणखी एकाला पायाशी घेऊन, निघाला की हा मधल्या रेषेकडे. धावत नाही, चालत. रेषा ओलांडली आणि मागे वळून मला हात दाखवला. सगळ्या गावासमोर. मी पदर तोंडावर घेतला आणि आतल्या आत नाचले.

घरी आल्यावर म्हणाला, "सारं दिसत होतं मले. रेषा, पाय, तू. सारं."

उपकेंद्राचा काटा: तो साठ. मी अठ्ठावन्न. क्रॉसिंग झालं, आता गाड्या आपापल्या मार्गानं जातील.

२ जानेवारी

आज माझा नेम मोडला. शेजारी नामकरण, बुंदीचे लाडू. एक म्हणता म्हणता चार. घरी येऊन रडले. वि. म्हणाला, "एका दिवसात कोनी साठ होत नाही. मॅडमनं सांगतलं ना, रोजचं पाहाचं." मलाच शिकवतो आता! पण बरं वाटलं.

त्याचा आकडा वीसच्या आसपास आला. मॅडम म्हणाल्या, छान, आता पळत पळत वर नका जाऊ, ताकद वाढू द्या.

१६ जानेवारी

आमच्याकडे हळदीकुंकू. वाण काय द्यायचं यावर सासूबाईंशी दोन दिवस चर्चा. स्टीलच्या वाट्या सगळ्यांकडे ढिगानं आहेत. शेवटी मी यवतमाळहून मापाचे टेप मागवले, घाऊक. प्रत्येकीच्या ओटीत तीळगूळ आणि एक टेप.

आधी बायका टेपकडे अशा बघत होत्या जणू मी त्यांना शिवायला बसवतेय. मग मॅडम आल्या, कंबर कुठे मोजायची ते दाखवलं, श्वास सोडून, पोट न ओढता. आणि मग जो काही धिंगाणा! "माही पाह्य!" "खोटं नको मोजू, सोड श्वास!" पोट ओढणारीला दोघी गुदगुल्या करत होत्या. सासूबाईंची अठ्ठावीस निघाली, त्यांनी ती संध्याकाळभर ज्याला त्याला सांगितली. मग मॅडमनी त्यांनाही काट्यावर घेतलं आणि म्हणाल्या, आजी, तुमचं वजन मात्र वाढवायला हवं, या वयात कमी वजन चांगलं नाही. आता माझ्याकडे वाढवायची दोन माणसं.

माझी साडेबत्तीस. चौतीसवरून! कुणाला सांगितलं नाही, इथेच लिहिते. साडेबत्तीस.

२५ जानेवारी

केळापूर. पासष्टचा गट. आमचे पाच जण वर आले, दोन शेजारच्या गावचे घेतले. गज्जू आणि बाकीचे पंचावन्नमध्ये वेगळे खेळले. बाळूभाऊ आले होते, पण तोंड एवढंसं.

वजनाच्या वेळी रांग. पंचावन्नवाले काही पोट्टे कोपऱ्यात थुंकत होते, एक जण डोकं धरून बसलेला. वि.चं नाव पुकारलं. काट्यावर चढायच्या आधी त्यानं माझ्याकडून बाटली मागितली, आणि सगळ्यांसमोर, पंचांसमोर, बाळूभाऊंसमोर, पूर्ण बाटली घटाघटा प्यायली. रिकामी करून मला दिली. मग चढला. बासष्ट.

मी तिथेच रडले. वजन करताना पाणी पिणारा माझा नवरा. एवढंच पाहायचं होतं मला.

आणि मग खेळ! सेमीफायनलमध्ये समोरचा अख्खा संघ बाद करून लोण चढवला, दोनदा. फायनलला समोरचे खरंच धिप्पाड होते, एकदा फेकलाही त्याला, कोपर सोललं. पण उठला लगेच. शेवटी चार गुणांनी आमचं. वि. पडला नाही. उभा होता, हसत होता, ओरडून गुलाल मागत होता. उंच पोराची आई माझ्या गळ्यात पडली, दोघी गुलालानं लाल.

परतीला टेम्पोत सगळे गात होते. मध्येच बाळूभाऊ माझ्या बाजूला वळले. भिंत नव्हती, सासूबाई नव्हत्या. घसा खाकरला. पहिल्यांदा, थेट मला:

"कांचन. मालं पाह्य बरं किती येते."

मी पदर डोक्यावर सारखा केला आणि विचारलं, उंची? वजन? सांगितलं. मनात गुणलं, भागलं. तिसाला जरासं कमी. खोटं बोलायचा मोह झाला, भासरे आहेत. नाही बोलले.

भाऊंनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मग, "कंबरही मोजा लागते काय?"

मोजावी लागते, म्हटलं. गज्जू खोकला. हसू दाबायला.

३० जानेवारी

काल मंडळाची बैठक. वाद झाला म्हणे. गावची स्पर्धा पंचावन्नचीच ठेवा, पहिल्यापासून तशीच आहे, असं जुने लोक. पोट्टे म्हणाले पासष्टचाही गट ठेवा. पैसा एकाच गटापुरता, मैदान एकच. पंचावन्न ठेवली तर वि. बाहेर, नाहीतर परत उतरायचं. सात किलो. तेही गावासाठी, आपल्या मातीत, शेवटचं एकदा. हे "शेवटचं एकदा" कोण म्हणालं विचारलं तर वि. चप्पल शोधायला लागला. म्हणजे भाऊच.

मी रागावले नाही. नवल आहे. तुमचं शरीर, तुम्ही ठरवा, एवढंच म्हटलं. आणि मग दुपारभर मशीन इतकं जोरात चालवलं की दोरा तीनदा तुटला.

१ फेब्रुवारी

आत्ताच. जेवायला बसलो होतो. सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, भाकर. वि.च्या ताटात दुसरी भाकर.

त्याच्या मोबाईलवर फ्लेक्सचा नमुना आला. लाल-पिवळा, सगळ्यांचे फोटो, बाळूभाऊंचा सर्वांत मोठा. "भव्य कबड्डी स्पर्धा" आणि खाली "किलो गट". त्याच्या आधीची जागा कोरी. मागोमाग भाऊंचा फोन. स्पीकरवर.

"विलास, फ्लेक्सवाला बसून हाय. जुनी मंडळी म्हनते तूच सांग. तुह्यावर सोडलं सारं. काय टाकू आकडा? पंचावन्न का पासष्ट? पर पंचावन्न टाकला तं तुले..."

वि.नं माझ्याकडे पाहिलं. तोंडात घास. सासूबाईंनी परातीतला हात थांबवला. मला त्याच्या वतीनं ओरडून सांगावंसं वाटत होतं, जीभ दाताखाली धरून ठेवली.

"हालो? विलास?"

"आधी घास संपवा," मी म्हटलं. "मग सांगा."

तो चावतोय. सावकाश. फोन ताटाजवळ चालू आहे, भाऊही पलीकडे थांबलेत, आणि मी त्याच्या वाटीत भाजी वाढतेय.